पाळी जाते तेव्हा

फराळाच्या दिवसांत चुलीपुढे घाम येण्यात नवल नाही. पण चकल्यांचा घाणा उतरवून पंख्याखाली बसल्यावरही ज्यांच्या छातीतून एकाएकी वाफ उठते, त्या भगिनींसाठी यंदाचे हे पान आहे.

आपल्याकडे बहुतेकींची पाळी ४५ ते ५० च्या सुमारास जाते. बीजकोशांतून मिळणारे इस्ट्रोजेन आधी हेलकावे खाते, मग आटते. शरीराची ऊब सांभाळणारे मेंदूतले केंद्र त्यामुळे हळवे होते आणि जराशा उष्म्यानेही घाम फोडते. झोप मोडते, चिडचिड होते. (घरची मंडळी त्याला स्वभाव म्हणतात!) सुती कपडे आणि रात्रीचे हलके जेवण यांनी काहींना बरे वाटते, त्रास फारच असेल तर औषधे आहेत, ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

हा आजार नव्हे. तरीही याच वयात एक सल्ला फार सहज मिळतो : “आता पिशवीचा काय उपयोग? काढून टाका!” बीड जिल्ह्यात हे इतके बोकाळले, की २०१९ साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ऊसतोडणीच्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कित्येक तर चाळिशीच्या आतल्या! एका दिवसाचा खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो; मग पाळीची कटकटच नको, असे त्या बिचाऱ्यांना वाटले तर दोष कोणाला द्यावा?

पिशवीबरोबर बीजकोशही गेले, तर काही वर्षांत सावकाश व्हायचा बदल एकदम अंगावर कोसळतो. हाडे अकाली ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी काहींचे ते लवकर थकतात. कर्करोग, मोठ्या गाठी, औषधाला न जुमानणारा रक्तस्राव अशी कारणे असली तर शस्त्रक्रिया टाळूही नये. पण आधी विचारावे : तपासणीत काय निघाले? औषधाने भागणार नाही का? बीजकोश ठेवणार ना? डॉक्टर रागावले, तर खुशाल दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे.

आणि पाळी बंद होऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर “परत आली वाटतं” म्हणून हसण्यावारी नेऊ नका. एवढासा डाग असला तरी दाखवा. बहुधा कारण साधेच निघते. पण पिशवीच्या कर्करोगाची पहिली खूणही हीच असते, आणि तो वेळीच सापडला तर बहुतेकदा बरा होतो. दिवाळी आटोपेपर्यंतसुद्धा थांबू नका.