पेरूचा वास

काकांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पेरू. पिकायला आलेला, अजून हिरवा असलेला."

वाइनरीच्या काउंटरपलीकडचा मुलगा थबकला. त्याने नुकतंच आम्हा तेवीस जणांना सांगितलं होतं की या सोव्हिन्यों ब्लाँ वाइनमध्ये गूजबेरीचा गंध आहे. आमच्यातल्या कुणीही गूजबेरी खाल्लेली नव्हती. एकीने मोबाइलवर अर्थ शोधला, तिथं 'आवळा' निघाला. मग पाच-सहा जणी ग्लासात आवळा हुंगू लागल्या. तो सापडेना, कारण युरोपातलं ते फळ आणि आपला आवळा यांचा काही संबंध नाही. आपल्यालाच काही कळत नाही, असं वाटून बाया गप्प झाल्या. तेवढ्यात काकांचा पेरू आला आणि सगळ्यांची नाकं एकदम उघडली.

आमचं ठाण्याचं मंडळ गेली अकरा वर्षं महिन्यातून एकदा कुठेतरी जातं. लेणी, गड, एखादं गाण्याचं शिबिर. या फेब्रुवारीत शनिवार-रविवार नाशिकला, गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी तंबूत राहायचं आणि दोन वाइनरी बघायच्या, असं ठरलं. ठरताना बरीच चर्चा झाली. मंडळात माळकरी आहेत, कधीही न पिणारे आहेत, सासू-सून एकत्र येणाऱ्या आहेत. शेवटी तीन गोष्टी पक्क्या केल्या. स्वतःची गाडी कुणी आणायची नाही, बस ठरवायची. ज्याला चाखायचं नाही त्याला कुणी आग्रह करायचा नाही. आणि एकवीस वर्षांखालच्यांना द्राक्षाचा रस, कारण आपल्या राज्यात वाइनसाठी तीच वयोमर्यादा आहे. मंडळातल्या एकोणीस वर्षांच्या दोन मुलांनी ते विनातक्रार मानलं, याचं मला फार कौतुक वाटलं.

काका पिंपळगाव बसवंतच्या बाजूचे. वय शहात्तर. घरची द्राक्षबाग, पण खाण्याच्या द्राक्षांची. आधी थॉमसन, मग सोनाका. नोकरीसाठी ठाण्याला आले तरी छाटणीच्या दिवसांत रजा टाकून गावी जात. वाइनला त्यांनी आयुष्यात तोंड लावलेलं नाही, या सहलीतही नाही. त्यांनी फक्त वास घेतला आणि बागेत हात लावला.

बागेचं आधी सांगते, कारण आमची खरी सहल तिथंच झाली. वाइनरीच्या फेरीत बाग दुरून दाखवतात, तीही फोटोपुरती. मग टाक्या, मग लाकडी पिंपं, मग काउंटर. आम्ही विनंती केली तेव्हा एका पर्यवेक्षकाने ओळींमधून चालायची परवानगी दिली. काका पहिल्याच वेलापाशी थांबले. "मांडव नाही," ते म्हणाले. खाण्याच्या द्राक्षाचा वेल मांडवावर नाहीतर वाय आकाराच्या आधारावर पसरतो, घड सावलीत लोंबतात. इथं वेल तारांवर कुंपणासारखे उभे बांधलेले होते आणि घड गुडघ्याच्या जरा वर, वाऱ्याला मोकळे.

काकांनी शिराझ या वाइनच्या द्राक्षाचा एक मणी तोडून माझ्या तळहातावर ठेवला. जांभळापेक्षा लहान, वर पांढुरका थर. "चाव. गिळू नको." साल जाड होती. आत गर थोडा, बिया दोन. रस गोड, इतका की ओठ चिकटले. साल चावत राहिले तशी जीभ कोरडी पडत गेली, हिरड्या आवळल्या, कच्ची सुपारी तोंडात धरल्यासारखं झालं. मग त्यांनी बी दाताखाली फोडायला सांगितली. ती तपकिरी होती आणि कडक वाजली. "बी हिरवी असती तर अजून थांबायचं," पर्यवेक्षक म्हणाला. साखर यंत्रावर मोजतातच, पण बी चावून बघणं चुकत नाही.

खाण्याच्या द्राक्षाचं सगळं शास्त्र याच्या उलट, काका सांगत होते. मणी फुगावा म्हणून घड संजीवकात बुडवायचे, मणी विरळ करायचे, साल पातळ हवी, बी नकोच. वाइनला मात्र मणी लहानच हवा. रंग, तुरटपणा आणि वासाचा मोठा वाटा सालीत असतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पिळला तर जवळजवळ पांढराच निघतो. लाल वाइनला लाली येते ती रस सालींसकट आंबवल्यामुळे. पांढऱ्या वाइनसाठी रस आधी पिळून घेतात आणि मग थंड टाकीत आंबवतात. एवढं समजलं की काउंटरवरच्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात.

दोन छाटण्यांचं गणितही काकांनी असंच समजावलं. युरोपात वेल थंडीत झोपतो, म्हणून तिथं एकच छाटणी. आपल्याकडे वेलाला झोप नाही. एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी करायची. तिच्यातून नव्या काड्या येतात आणि पुढच्या हंगामाचा घड त्या काडीच्या डोळ्यात तेव्हाच आकार घेतो. पाऊस ओसरताना फळछाटणी, म्हणजे डोळे फुटतात. दोन छाटण्या, एक पीक. मधल्या काळात डावणी, भुरी हे रोग, अवकाळी पाऊस, गारपीट. हे सांगताना काकांनी गारपीट या शब्दाशी आवाज खाली आणला. त्यांच्या धाकट्या भावाची बाग एका दुपारी वीस मिनिटांत गेली होती. पुढच्या ओळीत घड तोडणाऱ्या बायका पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या होत्या. पहाटे अंधारात काम सुरू होतं, कारण घड गार असतानाच तोडून न्यावा लागतो. आमची चहाची वेळ झाली तेव्हा त्यांचं अर्धं काम संपलं होतं.

तर काउंटरकडे परत. पेरूनंतर जे झालं ते मला लिहून ठेवायचं होतं. शिराझ ओतली तेव्हा एका सुनेने हात वर करून सांगितलं, "मिरी. सारात कुटून घालतो ती." कॅबर्ने सोव्हिन्योंला तिची सासू म्हणाली, "ढोबळी मिरची चिरल्यावर हाताला राहते ना, तो वास." शेनिन ब्लाँला कुणी मध म्हटलं, कुणी नासपती. तुरटपणासाठी इंग्रजी शब्द आहे टॅनिन. आमच्यात एकाने त्याला बिनदुधाचा उकळलेला चहा म्हटलं, दुसऱ्याने जांभूळ. दोन्ही बरोबर होते.

हे नुसते मनाचे खेळ नाहीत. पेरूचा वास ज्या गंधकयुक्त संयुगांमुळे येतो त्यातलं एक सोव्हिन्यों ब्लाँमध्येही सापडतं. मिरीचा झणका देणारा रेणू शिराझमध्येही असतो, ढोबळी मिरचीचा कॅबर्नेमध्ये. म्हणजे सासूबाईंचं नाक आणि प्रयोगशाळा एकच सांगत होती.

मला याचं इतकं का वाटतं? नाशिकची वाइन आता लहान गोष्ट राहिलेली नाही. नाशिकबाहेर, नारायणगावात शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात वाइन बनवायला सुरुवात केली. 2000 साली नाशिकच्या सुला वाइनरीची पहिली वाइन आली. 2001 साली राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं वेगळं धोरण आणलं. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. द्राक्ष इथलं, माती इथली, छाटणीचे शब्द सगळे मराठी: डोळा, काडी, ओलांडा, खरड. पण द्राक्ष ग्लासात उतरलं की मराठी बाहेर राहते. वाइनरीतला तो मुलगा दिंडोरीचा होता. तो घरी आईशी मराठीत बोलतो, आणि आम्हा तेवीस मराठी माणसांना इंग्रजीतून गूजबेरी समजावत होता. दोष त्याचा नाही, त्याला तसंच शिकवलेलं आहे. पण ज्या चवीला आपला शब्द नसतो ती चव आपण उसनी घेतो, आणि मग एक तर भारावून पितो नाहीतर लाजून लांब राहतो. आपले शब्द आले की माणूस सावकाश होतो. त्या दुपारी कुणी दुसरा ग्लास मागितला नाही. सगळे पहिल्यातच गुंतले होते.

रात्री तंबूंपाशी कडाक्याची थंडी होती. चुलीवर पिठलं, बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा. गाडीच्या चालकदादांचं ताट पहिलं वाढलं. बरोबर आणलेली शेनिनची एक बाटली ठेच्याबरोबर चाखून बघितली. तिखट ती सोसते, गोडसरपणामुळे जीभ निवते. शिराझ मात्र ठेच्यापुढे कडवट झाली. धरणाच्या पाण्यावर धुकं उतरलं आणि पहाटे तंबूचं कापड आतूनही ओलं झालं. दोघांना सर्दी झाली. पुढच्या वेळी अंगाखाली जाड सतरंजी हवी, हे वहीत लिहिलंय.

त्याच वहीत आता शब्दांची दोन पानं आहेत. निघताना तो दिंडोरीचा मुलगा बसपर्यंत आला आणि त्याने त्या पानांचे फोटो काढून घेतले. काकांना त्याने विचारलं, "करवंदाचा वास कशात येईल?" काका म्हणाले, "मे महिन्यात करवंदं खा, मग तूच मला सांग."

परतीच्या बसमध्ये पुन्हा नाशिकला येण्याचा विषय निघाला. काकांनी एप्रिल सुचवला, खरड छाटणीचा पहिला आठवडा. तेव्हा बागेत घड नसतो, पान नसतं, काउंटरवर गर्दी नसते. तेवीसपैकी चौदा जणांनी नावं दिली. मागच्या सीटवरून कुणीतरी विचारलं, तिथं तेव्हा बघायचं काय? काकांनी पिशवीतून आपली जुनी छाटणीची कात्री काढली, रुमालाने पुसली आणि पुढच्या माणसाच्या हातात दिली. कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत ती बसभर फिरत होती.