चित्रासाठी सुपात्र कोणते?

पर्युषण पर्व जवळ आले की अनेक संघांची संकेतस्थळे नव्याने सजू लागतात. प्रतिमेचे छायाचित्र, जुन्या पोथीचे पान, संस्थेचे बोधचिन्ह असे सारे काही एकाच प्रकारच्या फाइलमध्ये साठवून चढविले जाते. मग खेड्यातील श्राविकेच्या मोबाइलवर पान लवकर उघडत नाही आणि उघडले तरी पोथीची अक्षरे धूसर दिसतात. प्राकृत पाठात अनुस्वाराचा बिंदू ही केवळ शोभा नव्हे. णमोकार मंत्रातील पाचही नमस्कारपदांच्या अखेरीस तो येतो. तो पुसला गेला तर पाठच बिघडतो.

दान देताना जसा पात्राचा विचार करावा, तसाच चित्र साठवतानाही करावा. १९९२ मध्ये प्रमाणित झालेला जेपेग हा प्रकार छायाचित्रासाठी योग्य होय. तो चित्राचे आठ-आठ बिंदूंचे चौकोन पाडतो आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील गाळतो. त्यामुळे फाइल लहान होते. मात्र अक्षरांच्या तीक्ष्ण कडांभोवती त्यामुळेच डाग उमटतात. शिवाय फेरफार करून पुनःपुन्हा साठविल्यास दर वेळी थोडा तपशील नष्ट होतो.

१९९६ चा पीएनजी काहीही गाळत नाही. पोथीचे पान, तक्ता किंवा पारदर्शक पार्श्वभूमीचे चित्र यांसाठी तो उत्तम; परंतु छायाचित्रासाठी वापरल्यास फाइल फार मोठी होते. १९८७ च्या जीआयएफमध्ये एका चित्रात २५६ रंगच मावतात, म्हणून लहानशा हलत्या चित्रापुरताच त्याचा उपयोग. बोधचिन्हासाठी एसव्हीजी घ्यावा. त्यात बिंदूंऐवजी रेषांचे गणिती वर्णन असते. त्यामुळे चिन्ह कितीही मोठे केले तरी कडा फाटत नाहीत. २०१० मध्ये गूगलने आणलेला वेबपी तपशील गाळून किंवा न गाळता, दोन्ही रीतींनी साठवतो आणि आजचे सर्व प्रमुख ब्राउझर तो दाखवितात.

प्रकाराइतकेच मापही महत्त्वाचे. चार हजार बिंदू रुंदीचे छायाचित्र त्याच प्रमाणात आठशे बिंदूंवर आणले, तर एकूण बिंदू पंचविसाव्या हिश्श्यावर येतात. पडद्यावर आठशेच बिंदू दिसणार असतील, तर उरलेला भार वाचकाच्या माथी का मारावा? अपरिग्रहाचे तत्त्व येथेही लागू पडते.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. पोथीचे मूळ छायाचित्र टिफसारख्या, तपशील न गाळणाऱ्या प्रकारात दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवावे आणि संकेतस्थळासाठी त्याची हलकी प्रत काढावी. एकदा गाळलेला तपशील जेपेगचे पीएनजी केल्याने परत येत नाही. पूर्वी लेखनिक एकेक बिंदू सांभाळून पोथीची नक्कल करीत. आज ते काम यंत्र करते. पण काय राखावे आणि काय सोडावे, हा विवेक माणसालाच करावा लागतो.