सुटी कडी

वाणगावहून सकाळची चर्चगेट लोकल पकडलीय कधी? सोमवारी मावशीला घेऊन पकडली. टाटा, परळ, केमो. दादर आलं की दाराकडे सरकायचं: पुढची कडी धरायची, मग मागची सोडायची. बॉस, कॅन्सरची पेशीही अशीच सरकते!

तिचे हात म्हणजे इंटिग्रिन. आजूबाजूच्या प्रथिनांतली आर्जिनिन, ग्लायसिन, अस्पार्टिक ॲसिड ही तिकडी ते पकडतात, हे १९८४ मध्ये कळलं. मग आयडिया आली: हीच तिकडी असलेलं सिंथेटिक पेप्टाइड तिच्या हातात द्यायचं. म्हणजे डब्याला न जोडलेली, सुटी कडी! लॅबमध्ये पेशींची पकड सुटली. सही ना? पण असंच एक औषध, सिलेन्जिटाइड, मेंदूच्या गाठीच्या मोठ्या चाचणीत नापास झालं. निकाल २०१४ मध्ये छापून आला. पेशंटचं आयुष्य वाढलं नव्हतं.

हे सगळं मी का वाचलं? ऑफिसातला मित्र म्हणाला, नेटवर पेप्टाइडचं इंजेक्शन मिळतं, मागव. मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरांना विचारलंस?"

नव्हतं विचारलं. त्या दिवशी विचारलं. इंजेक्शन मागवलं नाही.

परतीच्या गाडीत तिने कडीऐवजी माझा दंडच धरला. पार वाणगावपर्यंत.