कोळसा वाढतोय, हजेरीपट आटतोय

साखऱ्याच्या (ता. सेनगाव, जि. हिंगोली) आसपास कोळशाची खाण नाही. सोयाबीन, तूर, हळद, एवढंच. पण यवतमाळ ओलांडून वणी-माजरीकडे गेलं की वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी लागतात, आणि "वेकोलिची पर्मनंट नोकरी" या शब्दांना आपल्या पारावरही वजन आहे. पोराला मायनिंग डिप्लोमाला घालू का, असं गावाकडून कुणी विचारलं की मी आधी आकडे सांगतो.

२००९-१० साली कोल इंडियाने ४३१ दशलक्ष टन कोळसा काढला, तेव्हा कामगार होते साधारण चार लाख. २०२३-२४ ला कोळसा ७७३ दशलक्ष टनांवर गेला आणि कामगार उरले सव्वादोन लाखांच्या घरात. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांत याला टाळ्या पडतील! पण गणित अर्धवट आहे. भूमिगत खाणी मागे पडल्या, ओपनकास्ट वाढल्या, आणि कोळशावरची माती-दगड उपसायचं बरंचसं काम ठेकेदाराकडे गेलं. डंपर चालवणारा माणूस आहेच की... फक्त तो कंपनीच्या हजेरीपटावर नाही.

उरलेल्या कायम नोकऱ्यांतही जमीन गेलेल्यांचा हक्क आहे. कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी धरलीय. रास्तच आहे ते, त्यांचं शेत गेलंय. पण साखऱ्याच्या पोराचं शेत तिथे नाही.

सोलर आलं, आता कोळसा संपणार, असं काहीजण म्हणतात. मला ती भीती इतक्यात वाटत नाही. २०२४-२५ मध्ये देशाने शंभर कोटी टनांचा टप्पा ओलांडला, आणि नेट झिरोचं साल आहे २०७०. कोळशाच्या आधी कायम नोकरीच संपेल, असं माझं मत.

मग करावं काय? माइनिंग सरदार, ओव्हरमन ही पदं कायद्यानेच लागतात, आणि त्यांना परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. तेवढी चिकाटी असेल तर डिप्लोमा जरूर करा. नुसतं "लागेल कुठेतरी" म्हणून हळदीचे पैसे घालणार असाल तर नको. त्यापेक्षा आयटीआयला डिझेल मेकॅनिक करा. तो वणीत चालतो, गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजावर चालतो, नाहीच जमलं तर हिंगोलीत जेसीबीच्या गॅरेजातही चालतो.

खाणीत गेलात तर पगार बहुतेक ठेकेदाराचाच असेल. कोल इंडियाच्या खाणकामात ठेकेदारी कामगारांसाठी हाय पॉवर कमिटीने ठरवलेले दर आहेत. ते मिळणार का, हे कामावर चढायच्या आधी विचारा, आणि पगाराची स्लिप दर महिन्याला मागून घ्या.