रुग्णशय्येविना निसर्गोपचार?
१९४६ साली महात्मा गांधींनी उरुळीकांचन येथे निसर्गोपचार आरंभिला, तो खेड्यातील रुग्णांमध्ये राहून. आज या शास्त्राच्या साडेपाच वर्षांच्या पदवीत आंतरवासितेचे एकच वर्ष आहे. ते रुग्णाजवळ जाते की हजेरीपटावर, हे देशभर एका निकषाने तपासणार कोण? २०२० साली भारतीय चिकित्सा पद्धतींच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा त्यात आले. ‘आयुष’ या नावातच ज्यांचे अक्षर आहे, ते योग व निसर्गोपचार मात्र बाहेर! मातीपट्टी पुस्तकातून शिकता येईल. क्षीण होत चाललेल्या रुग्णाचा उपवास नेमका केव्हा सोडवावा, हे अनुभवी चिकित्सकाशेजारी उभे राहूनच कळते. (औषध नाही म्हणजे अपायही नाही, हा समज भाबडा आहे.) आयुषचा जयघोष करणाऱ्यांनी हे दार आधी उघडावे.