स्टेजवर कोण आणि खुर्च्या उचलायला कोण?

थंडी सरत आली की शाळा गजबजतात. ३ जानेवारीला क्रांतिज्योती सावित्रीमाईंची जयंती, २६ जानेवारीची प्रभातफेरी, मग गॅदरिंग, बक्षीस समारंभ, एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आणि १ मे रोजी निकाल. मलकापुरात नगर परिषदेची शाळा असो की तालुक्यातील जिल्हा परिषदेची, क्रम हाच. यशाबद्दल शाळेचे अभिनंदन होते, पेपरात फोटो येतो. अभिनंदन जरूर व्हावे. पण त्या फोटोत कोण नाही, हे आपण केव्हा बघणार?

गॅदरिंगच्या नाचाला ड्रेस लागतो आणि त्याचे भाडे पालकांनी भरायचे असते. जिनिंगमध्ये राबणाऱ्या किंवा बाजार समितीत हमाली करणाऱ्या बापाला ते जड जाते. मग मुलगीच सांगते, मला नाचायचे नाही. तिला वगळले असे कोणी म्हणत नाही. तिनेच भाग घेतला नाही, असे म्हणतात. तिचा भाऊ सतरंज्या अंथरतो, खुर्च्या उचलतो. जातीचे नाव कुणी काढत नाही, तरी स्टेजवर कोण आणि स्टेजखाली कोण, याचा हिशेब बहुधा जुनाच निघतो. ज्या देशात शाळकरी भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्या देशात हा हिशेब कुणीतरी तपासलाच पाहिजे.

शाळेचा जाहीर समारंभ हा तर आपलाच वारसा आहे. १२ फेब्रुवारी १८५३ रोजी पुण्यात महात्मा फुले यांच्या मुलींच्या शाळांची जाहीर परीक्षा झाली. ती पाहायला हजारो लोक लोटले. मुलींनी तिथे आपली विद्या दाखविली. पुढे १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ने फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग विद्यार्थिनीचा निबंध दोन भागांत छापला. मांग-महारांच्या दुःखाला एका शाळकरी मुलीने वाचा फोडली. बक्षीस म्हणून खाऊ देऊ केला तेव्हा तिने खाऊ नको, ग्रंथालय द्या, असे सांगितल्याची आठवण सांगितली जाते. प्राथमिक शाळेचे यश म्हणतात ते हे!

मुक्ताची ती मागणी आज कायद्यात आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या मुलांच्या शाळेत ते आहे का? की कुलूपबंद कपाटालाच ग्रंथालय म्हणायचे? शासनाची आस्थाही आपण पाहिली आहे. १९९२ मध्ये दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींसाठी दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. तीस वर्षे उलटली, तरी त्या रुपयाचा सव्वा रुपया झाला नाही!

म्हणून समाजबांधवांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जाऊन तीन गोष्टी मागाव्यात. एक, गॅदरिंगमध्ये शाळेच्या गणवेशावरही स्टेजवर जाता यावे. भाड्याच्या ड्रेसवाचून एकही मूल मागे राहू नये. दोन, बक्षीस म्हणून पुस्तकच द्यावे आणि वर्षभर न चुकता येणाऱ्या मुलाचाही सत्कार व्हावा. तीन, १ मे रोजी पहिल्या नंबराबरोबर आणखी एक आकडा वाचून दाखवावा : पहिलीत दाखल झालेल्यांपैकी किती मुले शेवटच्या वर्गापर्यंत टिकली?

आणि थोडे आपल्याकडेही बघू. ११ एप्रिलला महात्मा फुले यांची, १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. वस्तीवस्तीत वर्गणी निघते, डीजे ठरतो. त्या वर्गणीतला काही वाटा जवळच्या शाळेतील पुस्तकांसाठी काढला, तर मिरवणूक कमी होणार नाही. उलट ती वर्षभर चालेल. ज्या बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले, त्यांच्या लेकरांच्या शाळेत पुस्तकाचे कपाट रिकामे असेल, तर दोष एकट्या शासनाला देऊन भागणार नाही. जयभीम!