किल्ली कोणाच्या कमरेला?

चकलीचा तुकडा तोंडात असताना कोठडीतल्या मरणाविषयी वाचायला लावणे हा अरसिकपणा आहे, मला कबूल आहे. पण वाचकहो, रात्री 'जरा चौकशीला' म्हणून नेलेला मुलगा कोणाच्या तरी घरातलाच असतो.

मी कायदेपंडित नव्हे. मॅट्रिकपलीकडे शिकलेलो नाही. माझ्या वर्गातले सांगतो. एकदा मॉनिटरनेच एका पोराला बडवले. "कोणी पाहिले?" मी विचारले. सगळा वर्ग गप्प! उद्या फळ्यावर नावे लिहायला पुन्हा तोच उभा राहणार होता. मी आधी मॉनिटर बदलला, मग तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा हात वर झाले.

कोठडीत पाहणारे कोण? दुसरा आरोपी, नाहीतर दुसरा शिपाई. सांगलीत २०१७ च्या नोव्हेंबरात लुटीच्या आरोपावरून धरलेला तरुण पोलिसांच्या ताब्यात मेला. आरोपी पळाले, असे पोलिसांनी सांगितले. पुढे उघडकीस आले, की प्रेत आंबोलीला नेऊन जाळले होते. त्याच्याबरोबर धरलेला साक्षीदार त्याच पोलिसांच्या ताब्यात होता!

तमिळनाडूत सातानकुलम येथे २०२० साली, टाळेबंदीत दुकान उघडे ठेवल्यावरून धरलेले बाप-लेक मेले. चौकशीस गेलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना आढळले, की कॅमेऱ्याने टिपलेले रोजच्या रोज आपोआप पुसले जावे अशी व्यवस्था ठाण्यात होती. तिथल्याच एका महिला हेड कॉन्स्टेबलने खरे सांगितले. पण जबाबावर सही करायला ती धजेना. पुष्कळ धीर दिल्यावर सही झाली, आणि तिच्या संरक्षणासाठी उच्च न्यायालयाला हुकूम काढावा लागला.

कोणी म्हणेल, नियम आहेत की! आहेत. अटक कशी करावी हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले, ठाण्याठाण्यांत कॅमेरे लावा असे २०२० साली बजावले. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजनाही २०१८ पासून आहे. पण साक्षीदाराला धोका किती, ह्याचा अहवाल त्या योजनेत कोणी द्यायचा? त्या भागाच्या पोलीस अधिकाऱ्याने! समितीचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश खरे, परंतु जिल्ह्याचे पोलीसप्रमुखही तिचे सभासद. संरक्षण मिळाले तरी एका वेळी फार तर तीन महिने, आणि खटले चालतात वर्षानुवर्षे.

शंभर रुपयांच्या लाचेची तक्रार करणारा उत्तर प्रदेशातला एक शेतकरी कोठडीतल्या मारहाणीने मेला, तेव्हा १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सुचवले, की अशा खटल्यांत पुराव्याचा भार कोणावर असावा ह्याचा कायदा बदला. त्याच वर्षी विधी आयोगाने शिफारस केली: ताब्यातल्या माणसाला दुखापत झाली, तर ती ताबा असलेल्या पोलिसानेच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे. २०२३ साली साक्षीपुराव्याचा कायदाच नवा लिहिला गेला. ते कलम त्यातही आले नाही!

माझे काही विद्यार्थी पोलिसांत आहेत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ते बंदोबस्तावर असतात. त्यांच्यावर माझा राग नाही. पण किल्ली ज्याच्या कमरेला, जाब त्याने द्यावा. आणि पोलिसाविरुद्ध साक्ष देणाऱ्याच्या धोक्याचा अहवाल पोलिसांकडून मागवू नये. तो न्यायाधीशांनी स्वतः साक्षीदाराला बोलावून, एकांतात विचारून लिहावा.